हृदय ठरण्याचे तास

एकतीस वर्षं मी नोकरीत अंडी फोडली आणि एकही खाल्लं नाही. सोसायटीतल्या बायकांना हे सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे तुम्ही नक्की करायचात काय? ठाण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहाय्यक होते. काचेच्या बशा धुणं, पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकांच्या भिंगांवर धरणारी बुरशी पुसणं, प्रॅक्टिकलची टेबलं मांडणं ही कामं होतीच. पण माझा हात बसला तो कोंबडीच्या गर्भावर. अंड्यातलं पिल्लू कसं घडत जातं हे मुलांना दाखवायचं, तर कुणीतरी ते अंड्यातून अलगद बाहेर काढावं लागतं. आमच्या विभागात ते काम माझं.

घर डोंबिवलीला, पूर्ण शाकाहारी. आंघोळ केल्याशिवाय मी स्वयंपाकघरात यायचं नाही, असा सासूबाईंचा नियम होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत पाळायला लावला. पण आंघोळ करून मी ओट्याशी आले की त्याच हळूच विचारायच्या, आज लागलं का हृदय ठोके द्यायला? त्यांना त्या सगळ्या प्रकाराचं फार कुतूहल होतं. ते त्यांनी शेजारी कुणाला कळू दिलं नाही, एवढंच.

बाहेरच्या माणसाला आधी एक गोष्ट सांगावी लागते. वाण्याकडच्या अंड्यात पिल्लू नसतं. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडाच ठेवत नाहीत. आमच्याकडे नवीन आलेल्या एका सरांनी माझ्या रजेच्या काळात नाक्यावरून दोन डझन अंडी आणून उबवणी यंत्रात ठेवली होती. मी पाचव्या दिवशी रुजू झाले तेव्हा ते रोज एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघत होते आणि यंत्र बिघडलंय अशी तक्रार लिहीत होते. मी विचारलं, सर, यातला कोंबडा कुठला? त्यांनी तक्रारीचा कागद घडी करून खिशात घातला.

फळलेली अंडी आम्हाला काशिनाथ म्हात्रे आणून द्यायचे. कल्याणच्या पलीकडे त्यांचं गाव. मागच्या वाडीत त्यांनी कोंबड्यांबरोबर कोंबडेही राखले होते. भाताच्या भुशात एकेक अंडं रोवून, टोपली मांडीवर घेऊन ते यायचे. आठवड्यातून दोन खेपा, शनिवारी आणि बुधवारी.

आता कामाबद्दल. कोंबडी अंडं घालते तेव्हा त्याच्या बलकावर एक फिकट ठिपका असतो, मुगाएवढा. तोच गर्भ. अंडं गार राहिलं तर तो आहे तिथेच थांबून राहतो, ऊब मिळाली की पुढे वाढायला लागतो. अठरा-एकोणीस तासांनी त्या ठिपक्याच्या मधोमध एक रेघ दिसते. तेव्हा अंडं बशीत फोडायचं, बलक अख्खा राहिला पाहिजे. मधे भोक पाडलेली गाळणकागदाची चकती गर्भाभोवती बसवायची, बारीक कात्रीने भोवतालचा पातळ पडदा कापायचा आणि चिमट्याने चकती तिरपी उचलायची. सरळ उचलली की फाटते. मग ती मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून, पालथी करून, अगार नावाच्या मऊ जेलीच्या थरावर ठेवायची. अंड्याबाहेर, उघड्या बशीत, गर्भ तिथे दीड-दोन दिवस वाढत राहतो. पहिल्या वर्षी माझी दहातली आठ फाटायची. पुढे दहाही साधायची आणि मी काम करताना रेडिओ ऐकायचे.

रेवती आमच्याकडे शिकवायला आली तेव्हा तिशीत असेल. डोंबिवलीचीच. लेक्चरं सांभाळून तिला पीएच.डी. करायची होती आणि विषय होता गर्भातलं हृदय. पहिल्याच आठवड्यात ती स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "ताई, मला हृदय कसं होतं ते नको. ते व्हायचं कधी ठरतं, ते हवंय."

तिने मला सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. रेघ दिसते तेव्हा हृदय कुठेच नसतं. पण रेघेच्या दोन्ही बाजूंच्या काही पेशी पुढे हृदय होणार असतात. त्यांच्या खालच्या थरातून त्यांच्याकडे निरोप येतो. हा निरोप म्हणजे एक प्रथिन, वाढीचा घटक म्हणतात त्याला. तो घेण्यासाठी प्रत्येक पेशीच्या कातडीत आणखी एक प्रथिन उभं असतं, अर्धं बाहेर, अर्धं आत. त्याला ग्राही म्हणतात, रेवती रिसेप्टरच म्हणायची. बाहेरच्या अर्ध्याला निरोप चिकटला की आतलं अर्धं जागं होतं आणि पेशी कामाला लागते. रेवतीकडे एक औषध होतं जे आतल्या अर्ध्याला गप्प करायचं. निरोप येतो, चिकटतो, पण आत काही घडत नाही. असं केलं तर हृदय होत नाही, हे जगात आधीच माहीत होतं. तिला हवं होतं ते एवढंच, की हा निरोप किती तास लागतो. कधीपर्यंत अडवला तर हृदय होत नाही आणि कधीनंतर अडवून काही उपयोग नाही.

सोमवारी दुपारी एक वाजता अंडी उबेला लावायची. मंगळवारी सकाळी आठला मी गर्भ बशीत घ्यायचे. रेवती प्रत्येकाचा फोटो काढायची, बशीला नुसता आकडा द्यायची, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं ज्यात औषध विरघळवलंय ते द्रव. बुधवारी सकाळी मी पाहायचे, ठोके आहेत की नाहीत. कुठल्या बशीत औषध आहे हे मला माहीत नसायचं. गुरुवार-शुक्रवार-शनिवार हेच पुन्हा. गर्भ निवडायचे नाहीत, चांगला-वाईट बघायचं नाही, घड्याळात आठ वाजले की येईल तो घ्यायचा, हा तिचा कडक नियम होता. मनाजोगे निवडले की निकालही मनाजोगा येतो, असं ती म्हणायची.

औषध लागू पडलेला गर्भ मी पहिल्यांदा पाहिला तो अजून डोळ्यांसमोर आहे. डोकं झालेलं, पाठीच्या कण्याचे ठोकळे एकामागे एक व्यवस्थित मांडलेले. आणि डोक्याच्या खाली, जिथे नळीसारखं हृदय वळलेलं असायला हवं, तिथे गुळगुळीत. जखम नाही, काही सडलेलं नाही. त्या पेशी जिवंत होत्या, पण त्यांनी हृदय व्हायचं घेतलंच नव्हतं. मी रेवतीला हाक मारली आणि आम्ही दोघी आळीपाळीने बघत राहिलो.

जूनपासून काम सुरू झालं आणि दिवाळीपर्यंत सगळं विस्कटलं. शुक्रवारच्या खेपेला औषध दिलेले गर्भ बिनहृदयाचे निघायचे, तर मंगळवारच्या खेपेत त्याच औषधात अर्ध्याअधिक गर्भांची हृदयं खुशाल धडधडत असायची. रेवतीने औषधाची बाटली बदलली. परदेशातून नवीन मागवली, तिची वाट बघण्यात दीड महिना गेला. निकाल तोच. तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं की हा भाग सोडून दे, दुसरं काहीतरी लिही. तिची मुदत संपत आली होती, आणि बाहेरच्या एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळत होती, ती पीएच.डी. वेळेत झाली तरच. ती रोज थोडी बारीक होत चालली होती. मी तिला डब्यातली अर्धी पोळी द्यायचे आणि म्हणायचे, होईल गं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी म्हात्रे टोपली घेऊन आले. अंड्यांसाठी सोळा अंशांवर लावलेला आमचा फ्रिज शनिवारी भरलेला असायचा, कारण वनस्पतीशास्त्रवाले सोमवारच्या प्रॅक्टिकलच्या पिशव्या त्यात आणून कोंबायचे. म्हणून आपल्या अंड्यांचे मावतील तेवढे ट्रे आत आणि उरलेले फ्रिजच्या डोक्यावर, अशी माझी सोय होती. सोमवारपर्यंतचा तर प्रश्न. म्हात्र्यांनी नवीन अंडी वर मांडताना ट्रेखाली हात घातला आणि तसेच थांबले.

"ताई, ही तर तुमी उबवायलाच ठेवलीत," ते म्हणाले. "आमची खुडूक कोंबडी पण सुरवातीला एवढीच ऊब देते."

खुडूक म्हणजे अंड्यावर बसायला लागलेली. मी हसून विषय बदलला. ते गेल्यावर मी थर्मामीटर आणला आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवला. मागच्या जाळीतून निघणारी गरम हवा तिथे वर येत होती. अर्ध्या तासाने पाहिलं, बत्तीस.

मी स्टुलावर बसले. शनिवार दुपार ते सोमवार दुपार, दोन दिवस ही अंडी बत्तिसाला. म्हणजे सोमवारी एक वाजता आम्ही त्यांना उबेला लावायचो तेव्हा ती आधीच हळूहळू चालू लागलेली असायची. मंगळवारी आठ वाजता औषध पोचायचं तेव्हा त्यातले कित्येक गर्भ पुढे निघून गेलेले. बुधवारच्या अंड्यांना फ्रिजमध्ये जागा असायची, म्हणून शुक्रवारची खेप साफ. मी नोंदवही उघडली. अंडी कुठे व किती तापमानाला ठेवली, या रकान्यात जूनच्या पहिल्या ओळीत माझ्याच अक्षरात 'फ्रिज, १६ अंश' लिहिलेलं आणि त्याखाली पानामागून पान वरीलप्रमाणेच्या दोन छोट्या रेघा.

एवढ्या वर्षांत माझ्या हातून बशा फुटल्या, एकदा सगळी स्लाइडपेटी पडली. पण लिहिलेलं खोटं ठरलं असं हे पहिल्यांदा. मी फसवायला लिहिलं नव्हतं. तरी ते खोटं होतंच.

मी चार दिवस गप्प राहिले. सोमवारी अंडी लावली, मंगळवारी गर्भ काढले, रेवतीने फोटो काढले. फ्रिजवर आता काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे बुधवारी औषधवाले सगळे बिनहृदयाचे निघाले आणि ती म्हणाली, बघा ताई, आज मंगळवारचे पण नीट आले, काय चाललंय काही कळत नाही. मी मान डोलावली. त्या संध्याकाळी आंघोळ करून मी ओट्याशी उभी होते आणि भाजी चिरता चिरता सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना रिसेप्टर वगैरे ठाऊक नव्हतं, पण फ्रिजचं डोकं गरम असतं हे ठाऊक होतं. त्यांनी निवडलेली मेथी बाजूला सारली.

"तिला सांगितलंस?"

"अजून नाही."

"तिचं वर्ष जातंय आणि तू भाजी चिरतेस," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवती बॅग ठेवत होती तेव्हाच मी तिला सांगितलं. नोंदवही समोर उघडून ठेवली. तिने पहिल्यांदा एवढंच विचारलं, "किती महिने?"

"जूनपासून. सगळ्या शनिवारच्या खेपा नाहीत, जागा नसेल तेव्हाच्या. पण कुठल्या ते मला आता सांगता येणार नाही."

तिने नोंदवही मिटली, उचलली आणि वर्गावर निघून गेली. पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंही बोलली नाही. शनिवारची अंडी म्हात्र्यांकडून स्वतः घेऊन तिने वनस्पतीशास्त्रवाल्यांच्या पिशव्या बाहेर काढून टाकल्या, त्यावरून तिकडच्या बाईंशी तिचं चांगलंच वाजलं. ते खरं म्हणजे मी वर्षभरापूर्वी करायला हवं होतं. डब्यातली अर्धी पोळी मी परत घरी न्यायचे.

मग एका सकाळी तिने मला कॉम्प्युटरशी बोलावलं. पडद्यावर औषध द्यायच्या आधी काढलेला एका गर्भाचा फोटो होता, नुसता आकडा घातलेला.

"ताई, हा किती मोठा? घड्याळ विसरा. बघून सांगा."

मी पाहिलं. रेघ पूर्ण झाली होती, पुढच्या टोकाला अजून काही नव्हतं. म्हटलं, हा वेळेवर आहे. तिने दुसरा काढला. याच्या रेघेच्या पुढे एक बारीक काडी निघाली होती, डोक्याच्या दिशेने. म्हटलं, हा पुढे गेलाय, चार-पाच तास तरी. पुढचा तर आणखी पुढे, डोक्याची घडी पडायला लागलेली. ती एका कागदावर डावीकडे-उजवीकडे आकडे लिहीत गेली. वर्षभराचे सगळे फोटो आम्ही असे पाहिले. त्यात तिची दोन लेक्चरं बुडाली आणि एकदा शिपाई येऊन बघून गेला. कुठल्या गर्भाचं पुढे काय झालं, हे मला आता आठवत नव्हतं आणि ती सांगत नव्हती.

शेवटी तिने तिची दुसरी वही उघडली आणि औषध दिलेल्यांचे आकडे डावीकडच्या यादीशी लावले. हृदय नाही. नाही. नाही. मग उजवीकडची यादी. आहे, आहे, आहे. मधे दोन-चार घोटाळे होते, पण तेवढेच. ज्या खेपा आम्ही वर्षभर बिघडलेल्या समजत होतो, त्यांत तिला हवं असलेलं उत्तर अर्धंमुर्धं पडलेलं होतं. रेघेपुढे काडी निघायच्या आधी निरोप अडवला तर हृदय होत नाही. काडी निघाल्यावर अडवून काही बिघडत नाही, त्या पेशींचं ठरलेलं असतं.

रेवती खुर्चीत मागे टेकली. मला वाटलं ती आता खूश होईल, पण ती म्हणाली, "हे वापरता येणार नाही. कुठलं अंडं किती तास गरम होतं, आपल्याला माहीत नाही. सगळं पुन्हा करावं लागेल." मग याद्यांचा कागद वहीत ठेवत म्हणाली, "पण काय विचारायचं ते तरी कळलं."

पुन्हा केलं. या वेळी घड्याळावर नाही, तर आधी पाहून, वय ठरवून, मगच औषध. पाहून वय ठरवायचं काम माझ्याकडे आलं आणि नोंदवहीत मी एकदाही त्या दोन रेघा काढल्या नाहीत. त्यात आणखी वर्ष गेलं. संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. रेवतीने त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही. ती आमच्याच कॉलेजात राहिली, अजून आहे, मुलांना छान शिकवते. पण ती जिथे पोचली असती तिथे पोचली नाही, आणि त्यात माझा वाटा आहे. हे मी निवृत्तीच्या समारंभात बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

व्हायवा कॉलेजातच झाली. परीक्षक बाहेरगावचे, सत्तरीकडे झुकलेले. सगळं आयुष्य रिसेप्टरवर काम केलेलं, असं रेवतीने सांगितलं होतं. चहाची व्यवस्था माझ्याकडे होती म्हणून मी मागे दाराशी उभी. त्यांनी प्रबंधाचं एक पान उघडलं आणि विचारलं, पहिल्या वर्षाचं सगळं काम रद्द केलंय, कारण दिलंय 'साठवणीतील त्रुटी'. ही त्रुटी म्हणजे नक्की काय?

रेवती म्हणाली, अंडी काही काळ जास्त तापमानात राहिली. कुणी ठेवली, का ठेवली, ते तिने सांगितलं नाही, आणि सांगणार नाही हे मला दिसत होतं. खोलीत प्राचार्य होते, इतर विभागांची माणसं होती. मी ट्रे टेबलावर ठेवला.

"सर, ती मी ठेवली होती. फ्रिजच्या वर. आणि नोंद फ्रिजच्या आतली केली."

सगळे वळून बघायला लागले. रेवतीने डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी चष्मा वर केला.

"वर तापमान किती होतं? पाहिलंत?"

"बत्तीस. हे कळल्यावर पाहिलं."

"आणि गर्भ पुढे गेलेत हे कसं ओळखलंत?"

मग मी सांगितलं. रेघ, काडी, घडी. फळ्यापाशी जाऊन काढूनही दाखवलं. त्यांनी तीन-चार प्रश्न विचारले. ते मला विचारताहेत की रेवतीला, हे मधे मला कळेनासं झालं, कारण आम्ही दोघी उत्तरं देत होतो. शेवटी त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाले की रेणूंच्या नादात जिवंत गर्भ पाहून त्यांना कित्येक वर्षं झाली.

परीक्षकांना दाखवायला म्हणून एक बशी तयार होती. यंत्राला टायमर लावून मी अंडी अशा बेताने उबेला घातली होती की दुपारच्या सुमाराला तीस-पस्तीस तास भरतील. आम्ही तिघं प्रयोगशाळेत आलो. बशी गार पडू नये म्हणून मी बाजूला दिवा लावला आणि भिंग जुळवून दिलं. हृदयाची नळी दिसत होती, दोन बाजूंनी येऊन मधे जुळलेली, अजून स्तब्ध. परीक्षक वाकून बघायला लागले. जेवण लागल्याचा निरोप आला, रेवतीने येतो म्हणून सांगितलं, थोड्या वेळाने पुन्हा आला. त्यांनी मान वर केली नाही.

"हलली," ते एकदम म्हणाले. "उजव्या बाजूला. हलली."

मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही.

"थांबली की काय?"

"नाही सर. पहिल्यानंतर दुसरा यायला वेळ लागतो. बघत राहा."

रेवती माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. आमच्या दोघींपैकी कुणालाच आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आम्ही फक्त त्यांच्या पाठीकडे बघत होतो.

"आता," ते म्हणाले. काही वेळाने पुन्हा, "आता." त्यानंतर ते बोलायचे थांबले. टेबलावर टेकलेलं त्यांचं बोट मात्र आपोआप हलायला लागलं होतं, आणि दोन टिचक्यांमधलं अंतर कमी कमी होत चाललं होतं.